महापौरांच्या पुढे एकतीस पावलं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमचा प्रवास लिहा." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचार करत बसले. माझा प्रवास म्हणजे महापौरांच्या दालनाच्या दारापासून सभागृहातल्या त्यांच्या खुर्चीपर्यंत. मोजून एकतीस पावलं. जाताना एकतीस, सभा संपली की येताना एकतीस. बारा वर्षं मी तेवढंच चालले, आणि त्यातली शेवटची अडीच वर्षं तर तेही नाही, कारण सभाच नव्हती.

मी महापालिकेत चोपदार होते. माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीकडचं, नोकरी वऱ्हाडातच झाली. शहराचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. सगळे अजून त्याच बाजारात भाजी घेतात, मीही तिथेच घेते.

चोपदार म्हणजे काय, हे आधी सांगून टाकते, कारण माझ्या सख्ख्या भाचीनं विचारलं होतं की आत्या, तू दार उघडतेस का. महापालिकेची दर महिन्याला आमसभा असते. सगळे नगरसेवक सभागृहात बसलेले असतात. महापौर आत येताना त्यांच्या पुढे एक माणूस राजदंड घेऊन चालतो. राजदंड म्हणजे शिसवीचा दांडा, वर चांदीचा पत्रा, टोकाला सिंह. वजन सात किलो. तो माणूस दारात थांबून पुकारतो, "सन्माननीय महापौर सभागृहात येत आहेत!" सगळे उभे राहतात. दंड महापौरांच्या समोरच्या टेबलावर लाकडी चौकटीत ठेवला की सभा सुरू. दंड जागेवर नसेल तर सभा नाही, असं सगळे मानतात. कायद्यात तसं कुठे लिहिलंय ते मला कुणी दाखवलं नाही. पण सगळे मानतात, म्हणून विरोधकांना सभा बंद पाडायची असली की ते दंड पळवतात, आणि सत्तेतल्यांना सभा चालवायची असली की ते दंड धरून ठेवतात. म्हणजे खरं तर चोपदारानं धरून ठेवायचा असतो. बाकीचे घोषणा देतात.

माझे यजमान अग्निशमन दलात गाडीवर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर मला अनुकंपावर शिपायाची नोकरी लागली, नगरसचिवांच्या कार्यालयात. नगरसचिव म्हणजे सभेचं सगळं कागदोपत्री काम बघणारा अधिकारी. विषयपत्रिका काढायच्या, इतिवृत्त लिहायचं, कोण काय बोललं ते जपून ठेवायचं. आमचे नगरसचिव पाठकसाहेब. वकिलीची पदवी घेतलेले, शांत, दिवसातून चार वेळा चष्मा पुसणारे. मी तिथं नऊ वर्षं पाणी दिलं, फायली उचलल्या, नगरसेवकांच्या घरी विषयपत्रिका पोचवल्या.

चोपदार तेव्हा हनीफचाचा होते. उंच, पांढरी दाढी, लाल अचकन, डोक्याला फेटा. ते पुकारायचे तेव्हा खालच्या मजल्यावर कर भरायला आलेली माणसंही वर बघायची. पण शेवटची दोन-तीन वर्षं त्यांची फार परवड झाली. सभागृहात मारामाऱ्या वाढल्या होत्या. एकदा तर दंडाच्या ओढाताणीत त्यांचा फेटा सुटून पायात आला आणि ते टेबलावर आपटले. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा पाठकसाहेबांनी सगळ्या शिपायांना बोलावून विचारलं, चोपदार कोण होणार. कुणाची कंबर दुखत होती, कुणाला बीपी होतं. एकानं स्पष्टच सांगितलं, "साहेब, मार खाऊन घरी गेलो त पोरं हासतात."

मी कोपऱ्यात कप धूत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "इंगळेबाई, तुमचा आवाज मोठा आहे."

ते खरं होतं. माझे वडील अकोल्याच्या कापूस बाजारात लिलावाचा पुकारा करायचे. तो आवाज मला मिळाला. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, सून आहे की भोंगा.

तर अशी मी पहिली महिला चोपदार झाले. नंतर पेपरात आलं की महापालिकेनं महिला सक्षमीकरणाचा आदर्श घालून दिला, कुठलीशी वाहिनी येऊन मला दंड घेऊन जिना चढ-उतर करायला लावून गेली. पण खरी गोष्ट ही की एकही पुरुष तयार नव्हता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

विरोध झाला नाही असं नाही. विरोधी पक्षाचे नेते दिनूभाऊ. ठेंगणे, जाड, घोगऱ्या आवाजाचे. सभेत उभे राहून म्हणाले, "उद्या इथं धक्काबुक्की झाली आन बाईले लागलं, त जबाबदार कोन?" पाठकसाहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे उत्तर दिलं, "धक्काबुक्की होणारच आहे, असं सन्माननीय सदस्य गृहीत धरत आहेत का?" सभागृह हसलं. दिनूभाऊही हसले. ते मोकळे होते तसे.

दुसरा विरोध समोर आला नाही. सत्तेतल्याच एका जुन्या नगरसेवकानं महापौरांच्या दालनात म्हटलं, "सभेची सुरवात अशा बाईच्या हातानं काहून करता? कपाळ पायलं काय तिचं?" मी त्याच दालनात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. आम्ही बौद्ध. विधवेचं काही पाळण्याची पद्धत आमच्या घरात नाही. त्याला हे ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असेल आणि दोन गोष्टी त्यानं एकाच वाक्यात उरकल्या असतील. मी त्याच्यासमोर ग्लास ठेवला. तो प्याला. म्हणजे तेवढ्यापुरतं त्याला चाललं.

मग गणवेश. भांडार विभागाच्या यादीत चोपदारासाठी अचकन, विजार, फेटा, पट्टा एवढंच होतं. साडी मागितली तर मंजुरी मिळेना, कारण ते नाव यादीत नव्हतं. तीन महिने फाइल फिरली. शेवटी मी माझीच पांढरी साडी नेसले, वरून लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला आणि डोक्याला फेटा. फेटा बांधायला हनीफचाचांनी शिकवलं. त्यांनी बाकीही सगळं शिकवलं. रिकाम्या सभागृहात मला दंड देऊन चालायला लावायचे आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून नगरसेवकांसारखे ओरडायचे.

"बेटी, थांबू नको. कोनी काई म्हनो, तू थांबली का तुह्याकडे पायतात सगळे. चालत राहली त दंडाकडे पायतात."

मी विचारलं, "चाचा, कोणी ओढला तर?"

त्यांनी दंडावर हात ठेवला. "मी त सोडला नाही कधी," म्हणाले. "खुदा जाने काहून. सवय पडली हाताले."

पहिल्या सभेला मी दारात उभी राहिले तेव्हा मला परत फिरावंसं वाटत होतं. पण पुकारा केला आणि बाहेर पडलेला आवाज ऐकून मलाच धीर आला. सगळे उभे राहिले. ज्यानं कपाळाची चौकशी केली होती तोही उभा राहिला. उभं राहणं भागच होतं, माझ्यामागे महापौर होते. पण नऊ वर्षं ज्या माणसांच्या हातात मी पाण्याचे ग्लास दिले, ती सगळी माझा आवाज ऐकून उठली, याचा आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या रात्री मी जेवले नाही, भूकच लागली नाही.

पहिली दोन वर्षं राजदंडाला कुणी हात लावला नाही. बाईच्या हातातून ओढायचा कसा, हे पुरुषांना कळेना. दिनूभाऊ टेबलापर्यंत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि परत जाऊन खुर्ची आपटायचे. सत्तेतले खूश. महापौर मला म्हणाले, "बाई, तुमी त आमची ढाल हाय." मला वाटलं होतं कौतुक आहे. ढाल कशासाठी असते ते नंतर कळलं.

मग विरोधकांनी युक्ती काढली. त्यांच्याकडच्या तीन नगरसेविका पुढे पाठवल्या. त्यातली एक मला ओळखत होती, आमच्याच वस्तीतली. ती जवळ येऊन कानात म्हणाली, "बाई, जरासा सैल धरा न जी. फोटोपुरता." मी म्हटलं, "ताई, माझी नोकरी आहे." मग आम्ही चौघींनी दंडाला हात लावून उभ्यानं एक फोटो दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'राजदंड पळवण्याचा प्रयत्न, चोपदार महिलेचा कडवा प्रतिकार.' कडवा प्रतिकार करताना फोटोत मी हसत होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मघापासून मी त्याच्या आजूबाजूनं फिरते आहे.

तो उन्हाळा वाईट होता. वऱ्हाडात उन्हाळे वाईटच असतात, पण त्या वर्षी धरणात पाणी असून नळाला येत नव्हतं. मोठी पाइपलाइन जागोजागी फुटलेली होती. शहरात पाचव्या दिवशी पाणी यायचं आणि आमच्या वस्तीत नवव्या दिवशी. मी सकाळी बोअरवर रांग लावून, दोन गुंड, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कळशा, भरून, मग साडी नेसून, फेटा बांधून सभेला जात होते. महापौर तेव्हा एक ताई होत्या. पद महिलेसाठी राखीव होतं. ताई चांगल्या होत्या, पण बोलायच्या आधी मागे बघायच्या. मागे त्यांचे यजमान असायचे, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. सभागृहात त्यांना बसता येत नव्हतं, म्हणून दालनात बसायचे, दार किलकिलं ठेवून.

दिनूभाऊंनी पाण्याचा विषय मागितला. ताईंनी तो शेवटी घेऊ म्हटलं. शेवटी घेऊ म्हणजे घेणार नाही, हे सभागृहात शिपायालाही कळतं. प्रेक्षक गॅलरीत बाया रिकामे गुंड घेऊन बसल्या होत्या. त्यात माझ्या शेजारच्या गल्लीतल्या चौघी-पाचजणी होत्या. त्यांनी गुंडांवर चमचे वाजवायला सुरवात केली. दिनूभाऊ उठले आणि थेट टेबलाकडे आले. या वेळी ते थांबले नाहीत.

"बाई, सोडा."

"भाऊ, मागं व्हा."

"तुमच्या घरी पानी येते काय? सांगा न, येते काय?"

मी चौकटीतला दंड खालून घट्ट धरला. त्यांनी दोन्ही हातांनी दंड धरला. त्यांनी दंड धरला, हे मी मुद्दाम लिहिते. माझा हात नाही, पदर नाही, खांदा नाही. दंडाचं वरचं टोक धरून त्यांनी ओढलं. खालचं टोक माझ्या दोन्ही हातांत होतं. वर गॅलरीतून माझ्याच वस्तीतल्या बाया ओरडत होत्या, "सोड व प्रमिला! सोड!" मला ते ऐकू येत होतं. मी सोडला नाही. मागून कोणीतरी दिनूभाऊंना खेचलं, दंड फिरला, माझं मनगट त्याच्याबरोबर फिरलं आणि काडी मोडल्यासारखा आवाज आला. मी खाली बसले. दंड माझ्या मांडीवर होता. सभा तहकूब झाली.

पाण्याचा विषय राहूनच गेला.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर केलं. परत आले तेव्हा मला सरळ महापौरांच्या दालनात नेलं. ताई होत्या, भाऊसाहेब होते, पाठकसाहेब भिंतीशी उभे होते. टेबलावर टाइप केलेला कागद होता. भाऊसाहेबांनी खुर्ची दिली. नोकरीला लागल्यापासून त्या दालनात मी पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"बाई, लय झालं तुमच्यावर," भाऊसाहेब म्हणाले. "आमी सोडनार नाही त्याले. सही करा इथं."

मी वाचलं. दहावी झालेली आहे मी, आणि नऊ वर्षं इतिवृत्तं हाताळली होती. त्यात लिहिलं होतं की दिनूभाऊंनी वाईट हेतूनं माझा हात धरला, पदर ओढला, मला लज्जा वाटेल असं वर्तन केलं.

"भाऊसाहेब, असं झालं नाही."

"हात मोडला न?"

"मोडला. पण त्यायनं हात धरला नाही. दंड धरला."

"एकच झालं न ते."

"एक कसं, जी?"

ताई मध्येच म्हणाल्या, "इंगळेबाई, बाईच्या जातीवर असा अन्याय होतो तेव्हा आपणच बोलायला पाहिजे." त्यांना ते खरंच वाटत होतं की पाठ केलेलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. त्यांचे डोळे ओले होते.

मला दिनूभाऊंचा पुळका नव्हता. त्यांच्यामुळे माझा उजवा हात मोडला होता आणि मी घरात एकटी राहणारी बाई. पण जो आरोप कुठल्याही बाईला खरोखर करावा लागला तर तिचं कुणी ऐकत नाही, तो मी खोटा कशी करू? उद्या एखादी खरं सांगत आली तर हेच लोक म्हणतील, त्या चोपदारीण बाईसारखंच खोटं असेल. हे सगळं मला त्या वेळी इतकं नीट सुचलं नव्हतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "उजव्या हातानं सही करता येत नाही." आणि बाहेर आले.

बाहेर पाठकसाहेब मागून आले. चष्मा पुसत म्हणाले, "डाव्या हाताचा अंगठा घेतील उद्या. त्याआधी तुमचं म्हणणं लिहून माझ्याकडे द्या. मी आवक नोंदवून घेतो. एकदा कागद आवक झाला की तो नाही असं कुणाला म्हणता येत नाही." ते तसे भित्रे होते. निवृत्तीला त्यांचे सहाच महिने राहिले होते. पण त्या संध्याकाळी ते कार्यालयात थांबले, मी सांगितलं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. दंड ओढला, हात धरला नाही, कोणी मागून खेचल्यामुळे दंड फिरला, मनगट मोडलं. सहा ओळी. खाली मी डाव्या हातानं नाव लिहिलं, लहान पोरीसारखं वेडंवाकडं.

परिणाम काय झाला? सत्तेतले चिडले, कारण त्यांची केस गेली. विरोधकही खूश नव्हते, कारण मी दंड सोडला नव्हता. वस्तीतल्या बाया महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बोअरच्या रांगेत माझ्या गुंडाच्या पुढे गुंड सरकायचे आणि मी माझा मागे ओढून घ्यायची. महापालिकेनं माझ्या सुरक्षिततेचा विचार करून माझी बदली कोंडवाड्यात केली, म्हणजे मोकाट जनावरं पकडून ठेवतात तिथं. प्लास्टरातल्या हातानं मी गाई-म्हशींची नोंद ठेवत होते. खरं सांगायचं तर तिथे मला बरं वाटायचं. जनावरं कुठल्याही बाजूची नव्हती.

दिनूभाऊ एकदा कोंडवाड्यात आले. त्यांच्या कुण्या मतदाराची म्हैस सोडवायची होती. पावती घेतली, माझ्या हाताकडे बघितलं.

"दुखते काय जी अजून?"

"थंडीत दुखते."

"तुमी सोडला असता त मोडला नसता."

"तुमी ओढला नसता तरी मोडला नसता."

ते मान हलवून हसले. "तो कागद मी पायला," म्हणाले. आभार मानले नाहीत. म्हैस घेऊन गेले. मला तेवढं पुरे होतं, आणि नव्हतंही.

माझ्या जागी एक तरुण शिपाई दिला होता. दुसऱ्याच सभेत गोंधळ सुरू झाल्यावर तो दंड टेबलावर टाकून बाथरूममध्ये जाऊन बसला. आठ महिन्यांनी मला परत बोलावलं. आदेशात लिहिलं होतं, 'प्रशासकीय निकड.' पाठकसाहेब तोवर निवृत्त झाले होते. मी पुन्हा फेटा बांधला. उजव्या हातात पहिल्यासारखी पकड राहिली नव्हती, म्हणून डावा हात वर घेऊन चालायची सवय केली. पुकारा तसाच होता. पण आता उभे राहणारे लोक पाहून मला काही व्हायचं नाही. मी पावलं मोजायची आणि संपली की थांबायची.

मग सभागृहाची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. प्रशासक म्हणजे एकच अधिकारी, तोच सभा, तोच ठराव, तोच मंजुरी. सभागृहाला कुलूप लागलं. राजदंड लोखंडी कपाटात गेला. मी दर सोमवारी कपाट उघडून तो चिंचेच्या पाण्यानं पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं. नवीन आलेल्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, "बाई, हे काय आहे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे शोसाठी." मी हो म्हटलं. त्या अडीच वर्षांत आमच्या वस्तीत पाणी सातव्या दिवशी येऊ लागलं. सभा नसताना दोन दिवस कमी झाले, हे कुणाच्या बाजूनं मोजायचं मला ठाऊक नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ झालं. चोपदार असूनही शेवटच्या दिवशी पुकारा करायला मिळाला नाही. पुकारणार कुणासाठी?

पुढे निवडणुका झाल्या. नवीन सभागृहाची पहिली आमसभा होती तेव्हा कार्यालयातून फोन आला की नवीन चोपदाराला जरा दाखवून द्या. मी दहा वाजताच गेले. चोपदार म्हणून समोर एक मुलगी आली, तिशीची, कंत्राटावर लागलेली. नाव रंजना. नांदगाव खंडेश्वरकडची. पंजाबी ड्रेसवर लाल पट्टा घातला होता, फेटा शिवलेला तयार, टोपीसारखा.

मी विचारलं, "तुला हे काम आवडतं का?"

"आवडाचं काय त्यात? मी त म्हनलं होतं कोन्या मानसाले द्या, जड आहे. त साहेब म्हने, हे काम इथं बायाचंच असते. आधीपासून बाईच करते म्हने."

मी तिला पावलं दाखवली, दंड कुठे धरायचा ते दाखवलं, थांबायचं नाही हे सांगितलं. ती ऐकत होती आणि मधे मोबाइल बघत होती. हनीफचाचांसारखं पहिल्या रांगेत बसून ओरडणं मला जमलं नाही.

सभेला मी गॅलरीत बसले. रंजनानं पुकारा केला. आवाज बेताचा होता, पण माइक होता. सगळे उभे राहिले. पाऊण तासात पाण्याचा विषय निघाला आणि विरोधी बाकावरचा एक तरुण नगरसेवक, दाढी कोरलेला, उसळी मारून टेबलापाशी आला. मोबाइल वर झाले. मी माझं उजवं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. त्यानं दंडाकडे हात केला.

रंजनानं चौकटीतून दंड उचलला आणि त्याच्या हातात दिला. "घ्या," म्हणाली.

तो घेऊन उभा राहिला. सात किलो काय असतात हे त्याच्या खांद्यावरून दिसत होतं. त्याचे साथीदार ओढाताण करायला धावत आले होते, ते मधेच थांबले. सत्तेतलेही उठलेले तसेच उभे. कुणाला धरायचं, कुणाला सोडवायचं, काहीच नव्हतं. त्या शांततेत त्या पोरानं दंड छातीशी धरून पाण्यावर बोलायला सुरवात केली, कारण दुसरं काय करणार? चार-पाच मिनिटं बोलला. बरं बोलला. पाइपलाइन कुठे फुटली, कंत्राटदार कोण, किती दिवस. मग हात भरून आले असावेत, त्यानं स्वतःच तो चौकटीत ठेवला, उलटा. रंजनानं उठून सरळ केला. सभा पुढे चालली.

सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

"दिला काहून?"

"मांगला न त्यायनं." ती पट्टा काढून घडी घालत होती. मग माझ्याकडे बघून तिनं खरंच विचारलं, "धरून ठेवाचा होता काय, बाई?"

खाली कर भरणाऱ्यांची रांग होती. मी कठड्याला हात टेकून उभी राहिले. हो म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणता आलं नाही. नाही म्हणायला गेले तर तेही होईना. ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "चल, चहा घेऊ."